आईला सीएमएल निघालाय. पेशंट लोकांच्या ऑनलाइन ग्रुपवर जावं का? डॉक्टर आणि घरचे नको म्हणतात

तुमचा प्रश्न वाचला. साताऱ्यात आईंना सीएमएल, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर, निघाला, त्यावरची इमॅटिनिब ही गोळी सुरू झाली, तुम्ही रात्री मोबाइलवर जगभरच्या पेशंट लोकांचं वाचत बसता, डॉक्टर म्हणतात नेटवर वाचू नका आणि मामा म्हणतात "असल्या ग्रुपच्या नादाला लागून कोण बरं झालंय का". पूर्वी व्हॉट्सअ‍ॅप नसताना लोक काय करायचे हेही तुम्ही विचारलंय. डॉक्टरांचं मी समजू शकतो, बाहेर बाकड्यावर पन्नास माणसं ताटकळत असताना प्रत्येकाच्या प्रिंटआउटवर चर्चा कुठं करत बसणार. मामांचं मात्र नाही समजू शकत. हेच वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय, आमच्यात ते दाजींच्या तोंडून येतं एवढाच फरक, त्यामुळं उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचे अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. २००२ च्या दिवाळीनंतर डाव्या बरगडीखाली जड लागतंय, दोन घास खाल्ले की पोट गच्च होतंय असं म्हणायला लागले. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी दीड लाखाच्या वर आणि पानथरी (प्लीहा) एवढी मोठी की डॉक्टरांनी नुसत्या हातानं दाखवली. घरात रडारड. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगणार, सकाळी दुधातनं हळद द्या, कॅन्सर जळून जातो. अरे बाबांनो, तो माणूस तीस वर्षं हळदीच्या धुरळ्यात बसलाय, त्याच्या शर्टाची कॉलर आणि कानातले केससुद्धा पिवळे आहेत, हळदीनं जायचा असता तर त्यांना झालाच नसता की!

इथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, नशीब चांगलं आहे, या आजारावर नुकतीच गोळी आलीय, ग्लिव्हेक, म्हणजे तुमच्या आईंची इमॅटिनिबच. आणि नशीब वाईट आहे, महिन्याला लाख-सव्वा लाख रुपये लागतात. त्याआधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं होती, ती घेतली की रोज ताप आल्यासारखं अंग मोडून यायचं आणि बऱ्याच जणांना लागूच पडायची नाहीत. दाजींनी लगेच हिशोब मांडला. कवठेमहांकाळचं माळरान विकलं तर किती महिने निघतील, त्यापेक्षा शिरोळकडच्या एका वैद्याकडं जाऊ. दाजी वाईट माणूस नाही, पण कुठल्याही विषयात शेवटचा शब्द आपला असला पाहिजे असं ज्यांना वाटतं त्यातले आहेत. बहिणीचे यजमान, त्यात वयानं मोठे, त्यामुळं मी काही बोललो नाही.

विश्रामबागला एक सायबर कॅफे होता, प्लायवूडच्या खोपट्यासारख्या केबिन, तासाला तीस रुपये, शेजारच्या केबिनमध्ये कॉलेजची पोरं चॅटिंग करत खिदळायची. तिथं बसून मला सीएमएलच्या पेशंट लोकांचा एक ई-मेल ग्रुप सापडला. बहुतेक अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाचे. माझं इंग्रजी म्हणजे डिक्शनरी मांडीवर घेऊन, पण लिहिलं, "माय फादर, ५८ इयर्स, सांगली, इंडिया". दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर उत्तरांची रांग लागलेली. फोटो नाही, लाइक नाही, नुसता मजकूर, आणि प्रत्येकाच्या सहीखाली ठरलेल्या दोन ओळी, आजार कधी निघाला, कुठलं औषध, किती डोस, शेवटचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, किती. ही दोन ओळींची शिस्त मला फार आवडली होती, कारण समोरचा सल्ला देतोय तो किती पाण्यातून गेलाय हे नाव-गाव माहीत नसलं तरी कळायचं. आता ग्रुपवर नुसता डीपी बघून सल्ला घ्यायचा.

मी पानं प्रिंट काढून घरी आणायचो आणि रात्री जेवणं झाली की अण्णांना मराठीत वाचून दाखवायचो. अण्णांनी काय केलं असेल? दुकानातली लांबडी लाल वही आणली आणि खातं उघडलं. डावीकडं गाव, मग माणूस, मग महिनावार पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. नावं त्यांना म्हणता यायची नाहीत म्हणून सगळे गावावरून ओळखायचे. "डेन्व्हरवाल्याचे प्लेटलेट काय म्हणत्यात? आणि ती ब्रिस्बेनची बाई, तिची आवक कमी झाली का?" रोज सौद्याचे भाव विचारायची सवय असलेला माणूस, तोच सूर. डेन्व्हरवाला एकदा बरेच दिवस गप्प होता, तर अण्णांनी त्याच्या ओळीपुढं पेन्सिलनं बारीक फुली केली आणि नंतर त्याचं पत्र आल्यावर खोडरबरनं स्वतः पुसली. डॉक्टरांच्या औषधानं काउंट खाली आले, मान्य. पण माणूस रात्री झोपायला लागला तो त्या वहीमुळं, हे माझ्या आईला विचारा.

ग्रुपवरची जुनी मंडळी सांगायची ते ऐकून तर आम्ही गारच झालो. ही गोळी बाजारात लवकर आली त्यात पेशंट लोकांचाही हात होता. १९९८ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला ब्रायन ड्रुकर या डॉक्टरनं तिची माणसांवर पहिली चाचणी सुरू केली, तेव्हा तिला नाव पण नव्हतं, एसटीआय-५७१ असा नंबर होता. चाचणीतल्या लोकांचे काउंट धडाधड नॉर्मल व्हायला लागले, ते आपापले आकडे नेटवर लिहायला लागले, आणि बाहेर बसलेल्या बाकीच्यांना कळलं की औषध आहे पण आपल्याला मिळत नाहीये, कारण कंपनी पुरेसं बनवतच नाहीये. तेव्हा कॅनडात माँट्रियलची सुझन मॅकनमारा, ती स्वतः सीएमएलची पेशंट, तिनं १९९९ ला नेटवरून सह्यांची मोहीम काढली आणि तीन हजारांवर सह्या नोव्हार्टिसच्या, म्हणजे ही गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या, सर्वात वरच्या साहेबाला पाठवल्या, की बाबा माल वाढव. कंपनीनं उत्पादन वाढवलं, पुढं तिलाही चाचणीत जागा मिळाली, आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत गोळीला परवानगी मिळाली. आजारी माणसांनी घरात बसून हे केलं. तेव्हा मामांना सांगा, "कोण बरं झालंय का" याचं उत्तर आई रोज जेवणानंतर पाण्याबरोबर गिळतायत.

आणि हे काही कॅन्सरवाल्यांनी शोधून काढलं नाही. त्यांच्या आधी एचआयव्हीवाले होते. फिलाडेल्फियाचा कियोशी कुरोमिया, स्वतः एड्सचा पेशंट, त्यानं १९८९ मध्ये क्रिटिकल पाथ नावाचं काम सुरू केलं, औषधांची माहिती छापायची, फोनवर सांगायची आणि पुढं पेशंट लोकांना फुकट इंटरनेट द्यायचं. कॅन्सरमध्ये गिल्स फ्रिडमन, याच्या बायकोला ब्रेस्ट कॅन्सर निघाला, नेटवरच्या बायकांशी बोलून त्यांना कळलं की डॉक्टर सांगतोय तोच एक रस्ता नाही, मग यानं १९९० च्या दशकाच्या मध्यात एकेका कॅन्सरसाठी वेगळे ई-मेल ग्रुप असलेली एकॉर ही संस्था उभी केली. आपल्याकडं बघायचं तर नेट नसताना सांगलीत १९९२ पासून संग्राम संस्था आणि १९९६ पासून गोकुळनगरच्या बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद हेच करत होती, एकमेकींना माहिती द्यायची, दवाखान्यात सोबत जायचं. गावात ज्यांच्याकडं बघून लोक तोंड फिरवायचे त्या बायकांना हे कळलं होतं, आमच्या बीएस्सी झालेल्या दाजींना नाही.

तर औषधाचं. ग्रुपवरच्या न्यू जर्सीच्या एका तेलुगू माणसानं मला वेगळं लिहिलं, की पैशाची काळजी करू नकोस, जीआयपॅप म्हणून योजना आहे, कंपनी आणि मॅक्स फाउंडेशन मिळून ज्यांना परवडत नाही त्यांना गोळ्या फुकट देतात, मुंबईला टाटाला जा, फिलाडेल्फिया क्रोमोसोम (सीएमएलची रक्तातली खूण) पॉझिटिव्ह असल्याचा रिपोर्ट आणि उत्पन्नाची कागदं घेऊन जा. (मॅक्स हा अर्जेंटिनाचा पोरगा, सीएमएलनं १९९१ मध्ये गेला, त्याच्या सावत्र आईनं त्याच्या नावानं ही संस्था काढली.) महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी दादर, तिथून परळ. चकरा झाल्या, कागदं झाली, गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा एक गोळी नसायची, शंभर एमजीच्या चार नारिंगी कॅप्सूल एकदम. दाजी म्हणाले, "फुकट कोण कुणाला औषध देतंय? प्रयोग करत्यात तुमच्यावर."

कंपनीबद्दल माझं प्रेम नाही हे पण सांगतो. एका हातानं फुकट देत होते आणि दुसऱ्या हातानं २००३ मध्ये भारतात विक्रीचा एकट्याचा हक्क मिळवून आपल्या कंपन्यांची महिन्याला दहा-बारा हजारात मिळणारी जेनेरिक, म्हणजे त्याच औषधाची स्वस्त गोळी, बंद पाडायच्या मागं होते. २००६ ला चेन्नईच्या पेटंट ऑफिसनं त्यांचं पेटंट नाकारलं आणि १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानंही नाकारलं. तुमच्या आईंची गोळी आज परवडतेय ती त्यामुळं. अण्णा फुकटच्या गोळीवर जगले हे खरं आणि कोर्टात कंपनी हरली याचा त्यांनी पेढा वाटला हेही खरं.

आता ज्यावरून खरा वाद आहे तो किस्सा. गोळी सुरू होऊन थोडे महिने झाले आणि अण्णांच्या पोटरीत रात्री गोळे यायला लागले. साधेसुधे नाहीत, मध्यरात्री ओरडून उठायचे, पायाचा अंगठा आपोआप वर वळलेला, पोटरीचा दगड झालेला, मग थंड फरशीवर खाटेचा गज धरून उभे राहायचे आणि आई तेल चोळायची. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले होतं असं या गोळीनं, चालायचंच. चालायचंच! ज्याला चालायला येत नाही त्याला. मी ग्रुपवर विचारलं तर बरेच जण म्हणाले, झोपताना थोडं टॉनिक वॉटर प्या, त्यात क्विनीन हे मलेरियावरचं कडू औषध असतं.

झालं, सांगलीत टॉनिक वॉटर शोधायची मोहीम. मेडिकलवाल्यानं भूक लागायच्या टॉनिकची बाटली पुढं केली, वर म्हणाला लहान मुलांना पण चालतं. किराणावाल्यानं सोडा दिला. शेवटी एका मित्रानं सांगितलं, ते जिनमध्ये घालतात, परमिट रूमला मिळेल. आम्ही माळकरी घरातले, अण्णांची पंढरीची वारी कधी चुकली नाही, आणि मी संध्याकाळी मिरज रोडला परमिट रूमच्या काउंटरवर उभा. वेटर विचारतोय जिन कुठली, मी म्हणतोय जिन नको, नुसतं ते पाणी द्या, तो मॅनेजरला बोलावतोय, मॅनेजर म्हणतोय नुसतं विकत नाही, मी म्हणतोय वडिलांना कॅन्सर आहे, टेबलावरचे दोघंतिघं वळून बघतायत. मॅनेजर भला माणूस निघाला, वर्तमानपत्रात गुंडाळून कॅन दिले आणि पैसे पण कमी घेतले. पिशवी घेऊन बाहेर पडलो तर समोर दाजी, स्कूटरवर, एक पाय खाली टेकलेला.

मी सांगितलं तिथल्या तिथं, की हे औषध आहे. ते हसले आणि गेले. आठवड्याच्या आत सगळ्या पाहुण्यांत, मिरजेपासून जतपर्यंत, बाप कॅन्सरनं अंथरुणाला खिळलाय आणि पोरगं बारमध्ये बसतंय. अण्णा अंथरुणाला खिळलेले पण नव्हते, अडतीवर जात होते! बहिणीनं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मागल्या वर्षी भाचीच्या लग्नात, अक्षता पडून पंगत बसलीय, तरी दाजींनी नव्या जावयाला हा किस्सा सांगितला, आणि त्यात आता जिन पण आलेली आहे.

अण्णांनी ते पाणी तांब्यातनं पहिल्यांदा प्यालं तेव्हा तोंड असं केलं की आई घाबरली. म्हणाले, "आरं ह्यापेक्षा काढेचिराईत बरं की रं." पण प्यायचे रोज, अर्धा पेला. गोळे कमी झाले. पाण्यानं झाले की आपोआप झाले, मी सांगू शकत नाही. आणि पुढचं नीट वाचा, कारण दाजी हे कधीच सांगत नाहीत. थोड्या दिवसांनी ग्रुपवरच्याच एका बाईनं, ती नर्स होती, लिहिलं की क्विनीननं काही लोकांचे प्लेटलेट एकदम पडतात, तुझ्या वडिलांचे आधीच कमी आहेत, डॉक्टरला विचारल्याशिवाय चालू ठेवू नको. मी वही घेऊन डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी अण्णांच्या रकान्यातले प्लेटलेट बघितले, टॉनिक वॉटर बंद केलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. आणि मला म्हणाले, ही वही दर वेळी आणत जा. २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं पायात गोळे येतात म्हणून क्विनीन घेऊ नका असं जाहीर केलं, आम्हाला ग्रुपनं त्याच्या आधीच थांबवलं होतं. म्हणजे ग्रुपनं चुकीचं सांगितलं का? सांगितलं. मग दुरुस्त कुणी केलं? ग्रुपनंच. दाजींनी शिरोळच्या वैद्याबद्दलची दुरुस्ती अजून केलेली नाही.

२००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी गावात शिरलं, मुंबईला जाणं अशक्य, गोळ्या संपत आलेल्या. तेव्हा त्याच ग्रुपवर ओळख झालेला तासगावचा एक शिक्षक माधवनगरपर्यंत येऊन आठवडाभराच्या गोळ्या देऊन गेला. नियमात बसत नसेल. त्याच्या घरातलं कुणी त्याला "ऑनलाइन ओळखीच्या माणसासाठी कशाला" म्हणालं असेल तर त्यानं मला ते कळू दिलं नाही.

अण्णा २०२१ ला कोरोनात गेले, सीएमएलनं नाही. रक्तात सीएमएल किती उरलाय हे मोजणारा त्यांचा शेवटचा पीसीआर उत्तम होता.

तर तुमचं उत्तर. जा ग्रुपवर. घरातल्या ज्या माणसानं रात्री पेशंटजवळ बसून काढलेली नाही त्याच्या मताला या बाबतीत किंमत देऊ नका, मग तो मामा असो नाहीतर दाजी. फ्रेंड्स ऑफ मॅक्स म्हणून भारतातल्या पेशंट लोकांचाच गट आहे, त्यांच्यापासून सुरुवात करा, आपल्याकडचे खर्च आणि आपल्याकडचं जेवण त्यांना माहीत असतं. गोळी दिवसातल्या मोठ्या जेवणाबरोबर आणि भरपूर पाणी पिऊन घ्यायची, सकाळी डोळे सुजलेले दिसले तर घाबरायचं नाही पण सांगायचं, असल्या गोष्टी ओपीडीत विचारायच्या राहून जातात, त्या तिथं कळतात. पहिला मेसेज टाकताना आमच्यासारखं लिहा, आईंचं वय, कधी निघाला, किती एमजी, शेवटचे काउंट. "आई आजारी आहे काहीतरी सांगा" असं लिहिलं तर फक्त हात जोडलेले इमोजी येतात.

आता जी आधीच सांगायला पाहिजे होती ती गोष्ट. सगळे ग्रुप आमच्यासारखे नसतात. आजचे बरेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे गोमूत्र, गव्हांकुर आणि "हा मेसेज दहा जणांना पाठवा". जिथं कुणी काही विकतंय तिथून लगेच बाहेर पडा. कुणी लिहील मी गोळी बंद केली आणि ठणठणीत आहे. ते खोटं नसेल पण. फ्रान्समध्ये शंभर लोकांवर हा अभ्यास झालेला आहे, सगळे असे की ज्यांच्या रक्तात दोन वर्षं पीसीआरला आजार सापडतच नव्हता, तरी थांबवल्यावर निम्म्याहून जास्त लोकांत तो परत आला, बहुतेकांत पहिल्या सहा-सात महिन्यांत, आणि तिथं दर महिन्याला तपासणी होती म्हणून पकडला गेला. आईंना तर आत्ता कुठं सुरुवात झालीय. डोस कमी-जास्त करणं, गोळी बंद करणं, सोबत दुसरं काही चालू करणं, आयुर्वेदिक असलं तरी, आधी डॉक्टर. ग्रुपवर वाचलेलं डॉक्टरांपुढं नेताना "नेटवर असं लिहिलंय" असं म्हणू नका, ते चिडतात. "हे आईला चालेल का" एवढंच विचारा, बहुतेक डॉक्टर नीट उत्तर देतात.

रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकलात तर वरचं नाव, फोन नंबर आणि हॉस्पिटलचा नोंदणी नंबर झाकून टाका. आणि मामांना ग्रुपमध्ये घेऊ नका.